कोकोच्या काळ्या फळकुजीवर वनस्पतिजन्य द्रव्यं: बोर्डोची जागा घेता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: श्रीवर्धनजवळ काकांची नारळ-सुपारीची वाडी आहे, तिच्यात आंतरपीक म्हणून कोको लावला आहे आणि आषाढ-श्रावणात फळं एकामागून एक काळी पडतात. काका सुपारीबरोबर कोकोवरही बोर्डो (मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना यांचं मिश्रण) मारतात, पण दरवर्षी मातीत तांबं ओतत राहणं त्यांना पटत नाही. तुमचा इथे बडोद्यात मकरपुऱ्याला सुगंधी तेलं काढायचा छोटा कारखाना आहे. तेव्हा ओवा, लवंग, गवती चहा, दालचिनी यांची तेलं किंवा लसूण-कडुनिंबाचा अर्क वापरून बोर्डो बंद करता येईल का, आणि जमलं तर ते विकता येईल का?

सरळ सांगते. भर पावसात बोर्डो बंद करून नुसत्या तेलावर वाडी सोडू नका, फळं हातची जातील. मधल्या उघडिपीत आणि पाऊस ओसरताना मात्र यातली दोन-तीन द्रव्यं खरोखर कामाची आहेत. पण ती कशावर चालतात आणि कधी चालतात हे नीट समजून घेतलं तरच. वनस्पतींचे अर्क आणि तेलं रोगकारकांवर तपासणं हे माझं रोजचं काम. कोको बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तगत नाही, पण गुजरातचा ओवा आणि तो गाळणारे कारखाने इथे आहेत, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फिरून फिरून येतो.

आधी काळं पडलेलं फळ हातात घेऊन बघा, कारण काळं पडलेलं प्रत्येक फळ फळकुजीचं नसतं. बोटाएवढी कोवळी फळं पिवळी पडली, सुकली, काळी होऊन झाडालाच चिकटून राहिली, तर तो बहुतेक वेळा रोग नव्हे. पोसता येतील तेवढीच फळं ठेवून बाकीची झाड स्वतःच वाळवतं. कुठल्याही फवाऱ्याने हे थांबत नाही. अर्क 'लागू पडला' किंवा 'फुकट गेला' अशा ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच या वाळलेल्या कोवळ्या फळांच्या मोजणीतून आलेल्या असतात. खऱ्या फळकुजीचा डाग तपकिरी असतो, कडा स्पष्ट, आणि सुरुवात बहुधा देठाशी किंवा टोकाला, जिथे पावसाचा थेंब लोंबकळत राहतो. आज खूण करून ठेवा, दोन दिवसांनी बघा, डाग ठळकपणे पुढे सरकलेला दिसेल. साधारण दोन आठवड्यांत अख्खं फळ काळं होतं, आणि ओल्या सकाळी डागावर पांढरी लव धरते. बोटाला कोळशासारखी काळी भुकटी लागली तर तो लासियोडिप्लोडिया, जखमी फळावर येणारा वेगळा रोग. बारीक, गोल, खोलगट ठिपके पुष्कळ असतील तर ते ढेकण्याचं काम. काजूवाल्यांना हा किडा चांगला ओळखीचा आहे.

पांढरी लव दिसली की कारण फायटोफ्थोरा. या कुळातली पामिव्होरा ही जाती एडविन बटलर यांनी १९०७ साली गोदावरीच्या मुखाकडच्या ताडांवरून वर्णन केली, म्हणजे ती आपल्याला अनोळखी नाही. नारळाचा कोंब कुजतो तो तिच्यामुळेच, आणि सुपारीचा कोळे रोग तिच्या सख्ख्या भावंडांचा. तेव्हा काकांच्या वाडीत कोको एकटा आजारी नाही. कोंब कुजलेला एखादा माड तसाच उभा असेल, तर कोकोवर काय मारायचं हा प्रश्न नंतरचा.

इथे एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे निम्मे दावे गळून पडतात. फायटोफ्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण ती खरी बुरशी नाही. कुळाने ती समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळची. खऱ्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, हिच्या भिंतीत सेल्युलोज आणि ग्लुकन. खऱ्या बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असतं, ही स्टेरॉल स्वतः बनवूच शकत नाही. म्हणून एर्गोस्टेरॉलची निर्मिती अडवणारी ट्रायाझोल गटाची औषधं हिच्यावर वाया जातात, आणि 'सगळ्यावर चालतं' म्हणून मारलं जाणारं कार्बेन्डाझिमही हिला लागू पडत नाही. वनस्पतिजन्य द्रव्यांनाही हाच न्याय. रिठा-शिकेकाईतली सॅपोनिनं बुरशीच्या पटलातल्या स्टेरॉलला धरून त्याला भोकं पाडतात. इथे धरायला फारसं काही नाही. एखादा अर्क अॅस्परजिलस किंवा फ्युजेरियम या खऱ्या बुरशींवर झकास चालला म्हणून फळकुजीवर चालेल असं मुळीच नाही. तुमच्याकडे कोणी 'अँटिफंगल' अहवाल घेऊन आला, तर तो कोणत्या जीवावरचा आहे हे पहिल्यांदा विचारा.

आता ही येते कशी ते बघा, कारण तेलाची संधी नेमकी तिथे आहे. ओल्या फळावरच्या लवेत लिंबाच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या असतात. गार पाणी मिळालं की त्या फुटून चलबीजाणू बाहेर पडतात. त्यांना दोन शेपट्या असतात, ते पाण्याच्या थरातून पोहत जातात, फळाच्या सालीवर ठरतात, मग भिंत धरून रुजतात आणि काही तासांत आत शिरतात. पोहत असेपर्यंत त्यांच्याभोवती पेशीभित्तिका नसते, फक्त पातळ पटल. तेवढा वेळ ते सगळ्यात कमकुवत. एकदा आत शिरल्यावर सालीवर मारलेलं तेल त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून डाग पडलेलं फळ कोणत्याही वनस्पतिजन्य फवाऱ्याने बरं होत नाही, ते काढायचंच.

ओव्यातलं थायमॉल, त्याचंच भावंड कार्व्हाक्रॉल आणि लवंगेतलं युजेनॉल ही तिन्ही फिनॉल जातीची. ती पटलात घुसून त्याची वीण सैल करतात, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं आणि पेशी मरते. याला स्टेरॉल लागत नाही, म्हणून फायटोफ्थोरावर ही द्रव्यं चालतात. प्रयोगशाळेत काही शे पीपीएमला (दहा लाख भागांत काही शे भाग) वाढ थांबते, आणि चलबीजाणू त्याहून कमी मात्रेत मरतात. दालचिनीच्या सालीतलं सिनॅमाल्डिहाइड प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बिघडवतं. तेही जोरदार, पण पानं भाजायला सगळ्यांत पुढे. गवती चहातलं सिट्रल चांगलं, पण हवेत आणि उजेडात लवकर बिघडतं. तुमच्या यादीतून मला एकच निवडायचं झालं तर मी ओवा निवडेन, कारण थायमॉल त्यातल्या त्यात टिकाऊ आहे आणि तेलाचा कस मोजायला सोपा आहे.

लसणाबद्दल लोकांना फार विश्वास वाटतो आणि तो अगदीच अनाठायी नाही. लसूण ठेचला की अॅलिइनपासून अॅलिसिन तयार होतं, आणि ते फायटोफ्थोराला चांगलंच झोंबतं. पण ते तयार करणारं विकर (एन्झाइम) उष्णतेने मरतं. म्हणजे आधीच उकळलेल्या लसणाच्या काढ्यात अॅलिसिन जवळजवळ नसतंच. गार पाण्यात ठेचून, गाळून, त्याच दिवशी मारला तर अर्थ आहे. बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवायचं हे द्रव्य नव्हे, म्हणून व्यापाराच्या दृष्टीने ते तुमच्या कामाचं नाही.

कडुनिंबातलं अॅझाडिरॅक्टिन किड्यांच्या वाढीवर घाव घालतं. कोकोवरच्या पिठ्या ढेकणासाठी कडुनिंब जरूर वापरा, फळकुजीसाठी त्याच्यावर विसंबू नका. कॅमेरूनमध्ये पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे आपल्या बिट्टीच्या, बियांचा अर्क फायटोफ्थोरा मेगाकार्या या तिथल्या जहाल जातीवर तपासला गेला आणि त्याने वाढ रोखली. हे वाचून कोणी घरी बिट्टीच्या बिया वाटायला बसू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या बियांतली ग्लायकोसाइडं हृदय बंद पाडतात. वनस्पतीतून आलं म्हणून निर्धोक, हा समज मला सगळ्यांत जास्त घाबरवतो. दशपर्णीचं, म्हणजे दहा प्रकारच्या पाल्याच्या अर्काचं म्हणाल तर महिनाभर आंबवलेल्या त्या द्रावणात शेवटी काय आणि किती उरलं हे दर पिंपाला वेगळं, त्यामुळे मी त्याची शिफारसही करू शकत नाही आणि त्याला नावंही ठेवू शकत नाही.

प्रयोगशाळेत चालतं ते वाडीत का पडतं? आम्ही तेल वितळलेल्या आगरमध्ये (सूक्ष्मजीव वाढवायच्या जेलीसारख्या पदार्थात) मिसळतो, मधोमध फायटोफ्थोराची चकती ठेवतो आणि वाढीचा व्यास मोजतो. डबी झाकलेली असते. तेल उडालं तरी त्याची वाफ आतच राहते आणि मारत राहते. वाडीत तीच वाफ काही तासांत निघून जाते. वर कोकणचा पाऊस, वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. शिवाय आणखी एक बारकावा. वाढ थांबलेली चकती उचलून साध्या आगरवर ठेवली की पुष्कळदा ती पुन्हा वाढायला लागते. म्हणजे द्रव्याने तिला मारलं नव्हतं, फक्त थोपवून धरलं होतं. अहवालात शंभर टक्के रोध लिहिलेला असतो आणि ही दुसरी पायरी केलेलीच नसते.

बोर्डो १८८५ पासून टिकून आहे त्याचं कारण इथेच आहे. मोरचूद आणि चुना एकत्र आले की पाण्यात जवळजवळ न विरघळणारा थर बनतो, तो सालीला धरून बसतो आणि प्रत्येक पावसात किंचित किंचित तांबं सोडतो. जे पाणी चलबीजाणू घेऊन येतं, तेच पाणी त्यांचं विषही जागवतं. तुमच्या तेलाला हे जमत नाही. तरी काकांचा आक्षेप खरा आहे. तांबं मातीतून जात नाही, साचत राहतं, गांडुळांना बाधतं. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली ती याचमुळे. तेव्हा बोर्डो कमी करणं हे ध्येय योग्य आहे, एकदम सोडणं नव्हे.

मला मनापासून वाटतं की कोकोच्या बाबतीत सगळ्यांत आशादायक वनस्पतिजन्य द्रव्यं बाटलीत नाहीत, कोकोच्या झाडातच आहेत. १९९६ साली असं दाखवलं गेलं की व्हर्टिसिलियम या बुरशीच्या मर रोगाला दाद न देणारी कोकोची झाडं लागण झाल्यावर खोडाच्या नलिकांत चार संरक्षक द्रव्यं साठवतात. त्यांतलं एक चक्क मूलरूपी गंधक, आणि दुसरं अर्जुनोलिक आम्ल, तेच जे आपल्या अर्जुनाच्या झाडात सापडतं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की कोकोच्या कोवळ्या पानाला जखम किंवा विचेस ब्रूम या बुरशीजन्य रोगाची लागण झाली की त्यात कॅफीन वाढतं, आणि ते त्या बुरशीला रोखतं. आणि २०२० साली क्लोव्हामाइड नावाचं द्रव्य पुढे आलं. पेरूकडच्या स्कॅव्हिना ६ या सहनशील जातीच्या कोवळ्या पानांत ते भरपूर असतं आणि फायटोफ्थोराला थेट बाधतं. झाड ही द्रव्यं हव्या त्या पेशीत, हव्या त्या वेळी बनवतं, आणि पाऊस ती धुऊन नेत नाही.

याचा काकांसाठी व्यवहारातला अर्थ असा की वाडीत नजर ठेवून फिरा. शेजारच्या झाडांची फळं काळी पडत असताना सालोसाल स्वच्छ राहणारी एखाद-दोन झाडं जवळपास प्रत्येक वाडीत असतात. त्यांना खूण करा, पुढच्या लागवडीसाठी कलमाचे डोळे त्यांचे घ्या. पण सगळी कलमं एकाच झाडाची करू नका. कोकोची पुष्कळ झाडं स्वतःच्या परागाने फळत नाहीत, दोन-तीन जातींची सरमिसळ लागते. केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या कर्नाटकातल्या विट्टल केंद्रात आणि केरळ कृषी विद्यापीठात कोकोच्या निवडक जातींवर काम चालतं, तिथे चौकशी करा. विचेस ब्रूम आणि फ्रॉस्टी पॉड हे दोन भयंकर रोग अजून अमेरिका खंडाबाहेर आलेले नाहीत. १९८९ मध्ये विचेस ब्रूम ब्राझीलच्या बाहियात शिरला आणि तिथला कोको दहा-बारा वर्षांत पार कोसळला. म्हणून तिकडून कोणी फळ किंवा फांदी 'नमुना' म्हणून आणत असेल तर हात जोडून नको म्हणा.

आता या पावसाळ्याचं. वैशाखात छाटणी करून झाडाच्या पोटात वारा खेळेल असं करा. मागच्या वर्षीची काळी, लाकडासारखी वाळलेली फळं झाडावरून काढा, तीच पहिल्या पावसाची शिदोरी असतात. बिया काढून फेकलेल्या टरफलांचा ढीग वाडीत ठेवू नका, बाहेर पुरा किंवा झाकून कुजवा. मात्र जमीन झाडून लख्ख करू नका. कोकोच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्या चिमुकल्या माश्या कुजणाऱ्या ओल्या पाचोळ्यातच वाढतात; पाचोळा राहू द्या, केळीच्या खुंटांचे तुकडे टाका. पाचोळ्यामुळे मातीचे शिंतोडेही खालच्या फळांवर कमी उडतात. पाऊस सुरू झाला की आठवड्यातून एकदा फेरी, डाग दिसलेलं फळ पांढरी लव धरायच्या आत काढायचं. याने जेवढा रोग कमी होतो तेवढा कोणत्याही तेलाने होत नाही, आणि हे केलं नसेल तर तेलाला काही संधीच नाही.

पावसाच्या तोंडावर सुपारीबरोबर एक टक्का बोर्डोची फवारणी करा, नेहमीसारखी राळ घालून. (ही राळ झाडाचीच, म्हणजे वनस्पतिजन्य द्रव्य काका आधीपासून वापरतच आहेत.) त्यानंतर उघडीप मिळाली की त्या काळात ओव्याच्या तेलाची पाळी. लिटरला एक मिलिलिटरपासून सुरुवात करा, दोनच्या वर जाऊ नका, कोवळी पालवी भाजते. तेल आणि पॉलिसॉर्बेटसारखं इमल्सिफायर आधी एकजीव करायचं, मग त्यात पाणी थोडं थोडं घालायचं. द्रावण दुधासारखं राहिलं पाहिजे, तासाभराने वर तेलाचं कडं दिसलं तर ते फवारू नका. फवारणी संध्याकाळी, फळांवर, देठ आणि टोक भिजेल अशी. कोकोची फुलं खोडावरच येतात, त्या गाठींवर तेल मारू नका. बोर्डो आणि ओव्याचं तेल एका पंपात कधीही मिसळू नका. बोर्डो अल्कधर्मी असतो आणि थायमॉल, सिनॅमाल्डिहाइड दोन्हींचं त्यात रूप बदलतं. ट्रायकोडर्मा ही रोगाला रोखणारी उपयोगी बुरशी वापरत असाल तर त्यातही कित्येक दिवसांचं अंतर ठेवा, थायमॉल आपला-परका बघत नाही. काढणी जवळ आलेल्या फळांना तेल नको, आणि तेलाची पिंपं बिया वाळवायच्या जागेपासून लांब ठेवा. कोकोच्या बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते आणि चरबी वास धरून ठेवते. फवारताना हातमोजे आणि चष्मा घाला, डोळ्यात गेलं तर फार जळतं.

तुमच्या कारखान्यासाठी खरं काम हे आहे की तेल टिकवायचं कसं. कोषात बांधलेलं थायमॉल, सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये (दुसरे रेणू पोटात धरणाऱ्या स्टार्चजन्य पदार्थात) धरलेलं, किंवा राळेच्या साबणात मिसळून सालीवर थर धरणारं, अशा वाटांनी बघा. आणि त्याची परीक्षा सोपी आहे. पूर्ण वाढलेली हिरवी निरोगी फळं धुऊन पुसा, द्रावणात बुडवून सुकवा. त्यांतल्या निम्म्या फळांवर झारीने पाण्याचा सडा घाला, अगदी पावसासारखा. मग रोगट फळाच्या डागाच्या कडेचा तुकडा सगळ्यांवर ठेवून ओल्या कापसाने झाका, बंद क्रेटमध्ये सावलीत ठेवा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डाग मोजा. बरोबर काहीच न लावलेली, फक्त इमल्सिफायर लावलेली आणि बोर्डो लावलेली फळंही हवीत. सडा न घातलेल्या फळांवर तुमचं तेल छान दिसेल. निर्णय सडा घातलेल्या फळांवरून करा. हे श्रीवर्धनलाच करा. रोगट फळं बसमधून बडोद्याला आणू नका.

तेल विकत घेत असाल तर जीसीचा (गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलातले घटक मोजायची चाचणी) अहवाल मागा आणि थायमॉलचा टक्का बघा. ओव्याचं तेल थंड करून थायमॉलचे खडे काढून घेतात आणि उरलेलं पातळ तेल स्वस्तात विकतात. त्याला वास ओव्याचाच येतो, पण दम राहिलेला नसतो.

विक्रीबद्दल: रोग आटोक्यात आणतं असा दावा करून काहीही विकायचं झालं तर ते १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली येतं, आणि केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे नोंदणी लागते, वनस्पतिजन्य असलं तरी. 'बायोस्टिम्युलंट', म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारं, असं लेबल लावून सुटायची वाटही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहे. नोंदणीत घटकांचं प्रमाण, टिकाऊपणा, विषारीपणा आणि शेतातल्या चाचण्या अशी माहिती मागतात. म्हणून या हंगामापासूनच तेलाच्या प्रत्येक खेपेचा थोडा नमुना तारीख लिहून गडद बाटलीत, थंड जागी राखून ठेवा, आणि काकांना सांगा की दर आठवड्याला काढलेली डागी फळं आणि आपोआप वाळलेली कोवळी फळं वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहायची.